हलता आलेख आणि न हलणारी चौकट

पायथनच्या मॅटप्लॉटलिब या लायब्ररीत आलेख हलता करण्याची कृती मुळात साधी आहे. एक चित्र काढायचे, त्यातली रेघ किंवा ठिपके नव्या जागी न्यायचे, चित्र पुन्हा रंगवायचे आणि ठरावीक अंतराने हेच करत राहायचे. ‘फंकॲनिमेशन’ हा क्लास एवढेच काम करतो. त्याला आकृती द्यायची, दर फ्रेमला काय बदलायचे ते सांगणारे फंक्शन द्यायचे, फ्रेमची संख्या आणि दोन फ्रेममधले मिलिसेकंद द्यायचे. दोरीवरून सरकणारी लाट दाखवायला पंधरा-वीस ओळी पुरतात. पण त्याच ओळी एका संगणकावर नीट चालतात, दुसऱ्यावर कोरी चौकट दाखवतात आणि तिसऱ्यावर पहिली फ्रेम दाखवून थांबतात. अशा वेळी माणूस आधी आपल्या सूत्राकडे संशयाने पाहतो, साइन-कोसाइन तपासतो, चिन्हे उलटीसुलटी करतो. या लायब्ररीवर काम केलेल्यांचा अनुभव मात्र असा, की दोष गणितात क्वचितच असतो. संगणकाने काढलेले चित्र डोळ्यांपर्यंत कोणत्या मार्गाने येते, हे पाहिल्याशिवाय तो सापडत नाही.

हा मार्ग एकच नाही, आणि त्याचे कारण लायब्ररीच्या रचनेत आहे. अमेरिकेतील मेंदूविज्ञानाचे अभ्यासक जॉन हंटर यांनी अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतील विद्युतलहरी पाहण्यासाठी हे साधन लिहायला घेतले आणि २००३ मध्ये ते सर्वांसाठी खुले केले. आलेखाची कल्पना एका बाजूला आणि तो प्रत्यक्ष रंगवणारा भाग दुसऱ्या बाजूला, अशी विभागणी त्यात आहे. रंगवणाऱ्या भागाला बॅकएंड म्हणतात. खिडकी उघडून दाखवणारे बॅकएंड वेगळे (टीकेॲग, क्यूटीॲग, मॅकवरचा मॅकओएसएक्स), आणि फक्त स्मृतीत किंवा फाइलमध्ये चित्र उतरवणारे वेगळे. ॲग हा दुसऱ्या प्रकारातला. तो चित्र उत्तम काढतो, पण त्याला खिडकी नसते. हवामानशास्त्रज्ञ रायन मे यांनी लिहिलेला ॲनिमेशनचा भाग २०११ च्या १.१ या आवृत्तीत आला, तो या आधीच्या विभागणीवरच उभा राहिला. म्हणून ॲनिमेशनची तक्रार ही पुष्कळदा बॅकएंडची तक्रार असते.

तेव्हा पहिला प्रश्न एकच: आत्ता रंगवतो आहे कोण? ‘गेट बॅकएंड’ हे फंक्शन चालवले की नाव छापले जाते. उत्तर ‘ॲग’ आले तर पुढची सगळी शोधाशोध थांबवावी, कारण खिडकी उघडणारच नाही. ‘शो’ म्हटल्यावर कॅनव्हास संवादी नसल्याची एक सूचना येते आणि प्रोग्रॅम शांतपणे संपतो. ती सूचना इतर मजकुरात हरवते आणि पाहणाऱ्याला वाटते, काहीच झाले नाही. २०१८ मधल्या ३.० या आवृत्तीपासून बॅकएंडची निवड आपोआप होते. खिडकी उघडणारे एखादे साधन सापडले तर ते घेतले जाते, नाही सापडले तर ॲग. ही सोय चांगली आहे, पण तिने एक जुना, ठसठशीत एरर नाहीसा केला आणि त्याच्या जागी मौन आणले. उबुंटू किंवा डेबियनवर पायथनबरोबर टीकेइंटर हे खिडकी उघडणारे साधन येतेच असे नाही. ते वेगळे पॅकेज म्हणून बसवावे लागते. तेवढे बसवले की कालपर्यंत न उघडणारी खिडकी उघडते, आणि प्रोग्रॅममधली एकही ओळ बदललेली नसते.

दुसरी जागा म्हणजे एमपीएलबॅकएंड हा एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल. दूरच्या सर्व्हरवर, जिथे पडदाच नाही, तिथे काम चालावे म्हणून कोणीतरी त्यात ॲग लिहून ठेवतो आणि ती ओळ शेलच्या फाइलमध्ये राहून जाते. सेटिंग्जच्या फाइलमधला बॅकएंड या व्हेरिएबलपुढे चालत नाही. प्रोग्रॅममध्ये ‘यूज’ म्हणून सांगितलेला मात्र दोघांवर मात करतो. हा क्रम ठाऊक नसला तर सेटिंग्जची फाइल कितीही वेळा बदलली तरी परिणाम शून्य.

प्रोग्रॅम लिहिण्याच्या खिडकीचीही स्वतःची मते असतात. स्पायडरमध्ये आयपायथन कन्सोलच्या पसंतीत ‘ग्राफिक्स’ नावाचा भाग आहे. तिथे बॅकएंड ‘इनलाइन’ असेल तर आलेख चित्र होऊन चिकटतो आणि हलत नाही. तो ‘ऑटोमॅटिक’ करून कर्नल पुन्हा सुरू करावा लागतो. या दुसऱ्या पायरीचा विसर इतक्या जणांना पडतो की सेटिंग चुकीचे आहे असे समजून ते पूर्ववत करणारेही पुष्कळ. पायचार्मच्या काही आवृत्त्यांत आलेख बाजूच्या पॅनेलमध्ये दाखवण्याचा पर्याय आधीच निवडलेला असतो. तो काढला की स्वतंत्र खिडकी मिळते.

ज्युपिटर नोटबुकचा प्रश्न याहून खोल आहे, कारण तिथे गणना करणारा कर्नल आणि पाहणारा ब्राउझर हे दोन वेगळे प्रोग्रॅम आहेत, आणि पुष्कळदा दोन वेगळ्या गावांत आहेत. नेहमीचा इनलाइन बॅकएंड कोष्ठक (सेल) चालून संपले की आकृतीचे एक पीएनजी चित्र काढतो आणि ब्राउझरकडे पाठवतो. तिथे टायमर नाही, म्हणून दुसरी फ्रेम नाही. ॲनिमेशनची वस्तू नुसती शेवटच्या ओळीत लिहिली तर तिचे नाव आणि स्मृतीतला पत्ता छापला जातो, कारण ‘ॲनिमेशन.एचटीएमएल’ हे सेटिंग मुळात ‘नन’ असते. ते ‘जेएसएचटीएमएल’ केले की प्रत्येक फ्रेमचे चित्र ब्राउझरमध्ये जाते आणि खाली चालू-बंद, मागे-पुढे अशी बटणे मिळतात. ‘एचटीएमएल५’ केले की एक व्हिडिओ तयार होतो. शिकवण्यासाठी पहिला पर्याय निःसंशय चांगला. लाट एकेका फ्रेमने मागे नेऊन दाखवता येते, आणि वर्गात नेमके तेच हवे असते.

त्याची किंमत आकारात मोजावी लागते. सगळी चित्रे बेस६४ पद्धतीने पानातच कोंबली जातात, त्यामुळे त्यांचा आकार मूळच्यापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. लायब्ररीने यावर २० मेगाबाइटची मर्यादा घातली आहे. मर्यादा ओलांडली की पुढच्या फ्रेम टाकून दिल्या जातात आणि तशी सूचना येते. पाहणाऱ्याला दिसते ते इतकेच, की लाट अर्ध्यावर जाऊन पुन्हा सुरुवातीला उडी मारते. लगेच फ्रेमची संख्या किंवा सूत्र तपासले जाते. खरा उपाय ‘एम्बेड लिमिट’ वाढवणे, किंवा त्याहून बरा म्हणजे आकृतीचे डीपीआय कमी करणे. डीपीआय निम्मे केले तर चित्रातले पिक्सेल एक चतुर्थांश होतात.

नोटबुकमध्ये आणखी एक दृश्य वारंवार दिसते: एक हलणारे चित्र, आणि त्याच्याच खाली किंवा वर त्याचे एक स्थिर भावंड. हा बिघाड नाही. इनलाइन बॅकएंडने आपले नेहमीचे काम केलेले असते. ॲनिमेशन तयार झाल्यावर आकृती ‘क्लोज’ केली की स्थिर चित्र जाते, हलणारे राहते.

खऱ्या अर्थाने जिवंत, माउसने मोठे-लहान करता येणारे चित्र हवे असेल तर आयपायएमपीएल हे जोडपॅकेज बसवून ‘विजेट’ बॅकएंड घ्यावा लागतो. जुन्या पाठ्यसामग्रीत यासाठी ‘नोटबुक’ नावाचा बॅकएंड सांगितलेला असतो. ज्युपिटरलॅबमध्ये आणि नोटबुकच्या ७ व्या आवृत्तीपासून तो चालत नाही. ‘आयपायथन इज नॉट डिफाइन्ड’ असा जावास्क्रिप्टचा एरर येतो. हा एरर पायथन किंवा आयपायथन बसवलेले नसल्याचा आहे असे वाटून लोक सगळे पुन्हा बसवू लागतात. ‘नोटबुक’च्या जागी ‘विजेट’ असा एक शब्द बदलला की पुरे. गूगल कोलॅबवर गणना दूरच्या यंत्रावर होते, तेव्हा खिडकीचा विचार सोडून द्यावा आणि जेएसएचटीएमएलचाच रस्ता धरावा.

बॅकएंड बरोबर आहे, खिडकी उघडते, आणि तरीही चित्र पहिल्या फ्रेमवर थिजलेले आहे, अशी स्थिती आली तर ॲनिमेशनची वस्तू कोणी धरून ठेवली आहे का ते पाहावे. फंकॲनिमेशन हाक मारून त्याचे उत्तर कोणत्याही व्हेरिएबलमध्ये ठेवले नाही, तर पायथनच्या लेखी ती वस्तू कोणालाच नको आहे. कचरा गोळा करणारी यंत्रणा ती उचलते, तिच्याबरोबर टायमरही जातो. वस्तू एखाद्या फंक्शनच्या आत तयार केली आणि परत दिली नाही, तरी हेच होते. फंक्शन संपले की आतली नावे संपतात. अलीकडच्या आवृत्त्या ‘काहीही न रंगवता ॲनिमेशन नष्ट झाले’ अशा अर्थाची सूचना देतात, ही मोठी मदत आहे. पूर्वी हे शोधायला फार वेळ जाई, कारण ‘एएनआय’ हे तीन अक्षरी व्हेरिएबल पुढे कुठेच वापरलेले दिसत नाही आणि नीटनेटका प्रोग्रॅम लिहिणारा माणूस नेमके तेच खोडून टाकतो.

खिडकी जिवंत राहते ती इव्हेंट लूपमुळे. ‘शो’ने तो लूप सुरू होतो, आणि खिडकी बंद होईपर्यंत त्याखालच्या ओळी चालत नाहीत. म्हणून ‘शो’च्या खाली लिहिलेले ‘सेव्ह’ आधी चालेल अशी अपेक्षा धरू नये. फ्रेम बदलणाऱ्या फंक्शनमध्ये जड गणित असेल तर लूपला माउसकडे लक्ष द्यायला सवड मिळत नाही आणि खिडकी प्रतिसाद देत नसल्याचे ऑपरेटिंग सिस्टिम सांगू लागते. गणित आधी करून निकाल ॲरेमध्ये ठेवावेत आणि फंक्शनने फक्त त्यातली एक ओळ उचलावी, ही शिस्त पाळणाऱ्यांना ही अडचण येत नाही. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक प्रभू रामचंद्रन यांनी घडवलेल्या मायावी या त्रिमितीय चित्रणाच्या लायब्ररीतही हेच तत्त्व आहे. तिथे ‘ॲनिमेट’ हा डेकोरेटर लावलेले फंक्शन दर पावलाला ‘यील्ड’ करून ताबा खिडकीकडे परत देते. ताबा परत दिला नाही तर दृश्य गोठते, मग लायब्ररी कोणतीही असो.

कोऱ्या चौकटीची बाब वेगळी. अक्ष दिसतात, आकडे दिसतात, रेघ दिसत नाही. येथे बहुतेक वेळा अक्षांच्या मर्यादा कारणीभूत असतात. हलत्या आलेखाची सुरुवात रिकाम्या याद्या देऊन केली जाते, आणि रिकाम्या रेघेला लायब्ररी शून्याच्या भोवतालची, साधारण उणे ०.०५ ते ०.०५ एवढी अरुंद चौकट देते. नंतर ‘सेट डेटा’ने बिंदू भरले तरी चौकट आपोआप वाढत नाही. लाट शून्यापासून दहापर्यंत धावत असते, पण खिडकी दाखवते शून्याजवळचा एक ठिपका. सुरुवातीलाच दोन्ही अक्षांच्या मर्यादा सांगून टाकणे हा सर्वांत निर्मळ उपाय. डेटा किती वाढणार हे आधी ठाऊक नसेल, तर दर फ्रेमला ‘रीलिम’ आणि ‘ऑटोस्केल व्ह्यू’ ही जोडी वापरावी. त्यातले एकच वापरून भागत नाही. अक्ष सतत बदलणारा आलेख मात्र वाचायला कठीण जातो. लाट वाढते आहे की चौकट आकसते आहे, हे डोळ्याला कळत नाही. शक्य तिथे अक्ष स्थिर ठेवावेत.

फक्त एक ठिपका हलवायचा असेल तर आणखी एक खाच आहे. जुन्या उदाहरणांत ‘सेट डेटा’ला सुटे आकडे दिलेले असतात. ३.७ पासून त्यावर इशारा येऊ लागला आणि पुढे तो एरर झाला. आकडा यादीत घालून दिला की काम होते.

ब्लिटिंग हा या साऱ्यातला सर्वांत गैरसमज झालेला पर्याय आहे. नाटकात नेपथ्य एकदाच उभे केले जाते आणि पात्रे तेवढी हलतात, तशी ही युक्ती: अक्ष, आकडे, जाळी यांचे चित्र एकदा काढून साठवायचे आणि दर फ्रेमला फक्त बदलणारी रेघ त्यावर रंगवायची. अक्षांवरचा मजकूर रंगवणे महाग असते, म्हणून वेग लक्षणीय वाढतो. त्यासाठी फंक्शनने बदललेल्या वस्तूंची यादी परत द्यायला हवी. ‘लाइन’ या शब्दापुढे स्वल्पविराम द्यायचा राहिला की यादीऐवजी एकटी वस्तू परत जाते आणि वस्तूंचा क्रम हवा असल्याचा एरर येतो. तो स्पष्ट असतो, त्यामुळे फारसा त्रास देत नाही.

त्रास देते ते शीर्षक. वेळ दाखवणारे शीर्षक दर फ्रेमला बदलायचे ठरवावे आणि ब्लिट चालू असावे, तर रेघ सरकते आणि वेळ शून्यावरच राहते. शीर्षक अक्षांच्या चौकटीबाहेर असते, आणि ब्लिटिंग फक्त चौकटीच्या आतला भाग ताजा करते. वेळेचा मजकूर ‘टेक्स्ट’ म्हणून चौकटीच्या आत ठेवला आणि परत दिलेल्या यादीत घातला, की तो चालू लागतो. अक्षांवरचे आकडे बदलायचे असतील तर ब्लिट बंदच करावे. येथे निदानाची एक उपयुक्त खूण आहे: फाइलमध्ये साठवताना लायब्ररी ब्लिट वापरत नाही, प्रत्येक फ्रेम पूर्ण रंगवते. तेव्हा खिडकीत बिघडलेले आणि फाइलमध्ये नीट दिसणारे ॲनिमेशन असेल, तर संशय थेट ब्लिटवर घ्यावा.

वेगाबद्दलही अपेक्षा आणि वस्तुस्थिती यांत अंतर पडते. ‘इंटरव्हल’ सांगितला नाही तर तो २०० मिलिसेकंद असतो, म्हणजे सेकंदाला पाच फ्रेम. हालचाल धक्क्याधक्क्याने होते. तो २० केला म्हणजे सेकंदाला पन्नास फ्रेम मागितल्या, पण एक फ्रेम रंगवायलाच ४० मिलिसेकंद लागत असतील तर पंचविसांच्या वर मिळणार नाहीत. त्यापुढे इंटरव्हल कितीही कमी केला तरी काही फरक पडत नाही. फाइलमध्ये हे गणित बदलते. तिथे रंगवायला कितीही वेळ लागो, फ्रेम ठरलेल्या गतीने चालवल्या जातात. खिडकीत संथ आणि व्हिडिओत सुसाट असे एकाच ॲनिमेशनचे दोन वेग दिसतात ते यामुळे, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात.

जीआयएफचा वेग ही स्वतंत्र गोष्ट आहे. त्या प्रकारात दोन फ्रेममधले अंतर सेकंदाच्या शंभराव्या भागात लिहिले जाते, त्याहून बारीक माप नाही. दहा मिलिसेकंदांचे अंतर मागितले तर फाइलमध्ये १ हा आकडा जातो, आणि बहुतेक ब्राउझर इतक्या छोट्या अंतरावर विश्वास न ठेवता ते शंभर मिलिसेकंद धरतात. अधिक वेग मागावा आणि चित्र दहापट मंद व्हावे, असा अनुभव येतो तो इथे. २० मिलिसेकंदांच्या खाली न गेलेले बरे. शिवाय जीआयएफच्या एका फ्रेममध्ये २५६ रंगच मावतात, त्यामुळे तापमानाचा सलग रंगपट पट्ट्यापट्ट्यांचा दिसतो. रेघांच्या आलेखाला जीआयएफ चालते. रंगाच्या पृष्ठभागाला व्हिडिओच हवा.

व्हिडिओसाठी एफएफएमपेग लागतो, आणि तो पायथनचा भाग नाही. तो स्वतंत्र प्रोग्रॅम आहे. पिपने त्याच नावाचे पॅकेज बसवले तरी प्रोग्रॅम येत नाही. तो सापडला नाही की मॅटप्लॉटलिब पिलो या चित्रांच्या लायब्ररीकडे वळते. पिलोला एमपी४ माहीत नसल्याने फाइलचे एक्स्टेन्शन अनोळखी असल्याचा एरर येतो. शेवटची ओळ वाचणारा फाइलचे नाव बदलत बसतो. कारण त्याच्या वरच्या, एफएफएमपेग उपलब्ध नसल्याच्या ओळीत असते. प्रोग्रॅम बसवल्यावर टर्मिनल आणि कर्नल दोन्ही नव्याने सुरू करावेत, नाहीतर नवा पाथ त्यांना कळत नाही.

स्वतः पीएनजी फ्रेम काढून एफएफएमपेगने जोडणाऱ्यांना उंची किंवा रुंदी दोनने भागली जात नसल्याचा एरर भेटतो. एच.२६४ व्हिडिओ सर्वत्र चालावा म्हणून रंग ज्या पद्धतीने साठवतात, तीत दोन बाय दोन पिक्सेल मिळून एक रंग धरला जातो, त्यामुळे विषम माप बसत नाही. आकृतीचे मूळ माप ६.४ बाय ४.८ इंच आणि डीपीआय १००, म्हणजे ६४० बाय ४८० पिक्सेल. ते सम आहे. कडेची मोकळी जागा कापणारे ‘टाइट’ हे सेटिंग लावले की माप कुठेही येऊन थांबते, आणि प्रत्येक फ्रेममध्ये वेगळे येऊ शकते. म्हणूनच लायब्ररी स्वतः ॲनिमेशन साठवताना ते सेटिंग बाजूला ठेवते. अक्षाचे नाव कडेला कापले जात असेल तर ‘सबप्लॉट्स ॲडजस्ट’ने जागा सोडावी.

फ्रेमची संख्या न सांगता जनरेटर दिला असेल, तर जुन्या आवृत्त्या पहिल्या १०० फ्रेमच साठवत. आता ती मर्यादा नाही, पण न संपणारा जनरेटर दिला तर साठवणेही संपत नाही. ‘सेव्ह काउंट’ नेहमी लिहावा.

मराठीतून शिकवणाऱ्याला शेवटी एक अडचण उरते, जिची दखल इंग्रजी पाठ्यसामग्री घेत नाही. अक्षावर ‘वेळ’ आणि ‘स्थिती’ असे लिहिले की तिथे रिकामे चौकोन येतात, आणि अक्षर फाँटमध्ये नसल्याचे इशारे छापले जातात. त्या इशाऱ्यांखाली खरा एरर गाडला जाऊ शकतो. लायब्ररीच्या नेहमीच्या देजाव्हू सॅन्स फाँटमध्ये देवनागरी नाही. नोटो सॅन्स देवनागरी निवडला की चौकोन जातात. ‘वेळ’ बहुतेक ठीक दिसते, पण ‘स्थिती’ मोडते: स चा पाय मोडलेला राहतो आणि ऱ्हस्व वेलांटी थ च्या उजवीकडे जाऊन बसते. देवनागरीत अक्षरे ओळीने मांडून चालत नाही, त्यांची जोडणी करावी लागते, आणि मॅटप्लॉटलिबच्या सर्रास वापरल्या गेलेल्या आवृत्त्यांतील मजकूर मांडणारा भाग ती करत नाही. एमपीएलकायरो हा बाहेरचा बॅकएंड राक्म या जोडणी करणाऱ्या लायब्ररीच्या मदतीने जोडाक्षरे नीट मांडू शकतो. तो बसवणे प्रत्येक यंत्रावर जमत नाही. तिथे अक्षांवर एक्स आणि टी ही चिन्हे ठेवावीत आणि मराठी स्पष्टीकरण नोटबुकच्या मजकुराच्या कोष्ठकात लिहावे. तो मजकूर ब्राउझर मांडतो, आणि ब्राउझरला वेलांटी कुठे द्यायची ते येते.